'यात राजकारण आणू नका' म्हणजे नक्की काय आणू नका?

गच्चीवरची_टाकी (धागाकर्ता)

मंडळी, एक भाषिक आणि थोडी सांसारिक अडचण आहे.

मी मुलुंडला एका जुन्या सोसायटीत राहतो. चार विंगा, गच्चीवर चार टाक्या आणि खाली सगळ्यांची मिळून एक. गेल्या रविवारी सर्वसाधारण सभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण 'तुमचं मराठी चांगलं आहे हो'. सभेत डी विंगच्या एका काकूंनी विचारलं की पंप रोज आधी ए विंगसाठीच का लावतात? आमची पाळी येईपर्यंत खालची टाकी तळाला जाते, तर आठवड्याआड क्रम बदलता येईल का? आमचे सचिव ए विंगमध्ये राहतात. ते म्हणाले, "हे बघा, पाण्याचं राजकारण करू नका." काकू बसल्या. पुढचा विषय: गणपतीची वर्गणी.

आता सचिवांना इतिवृत्तात हे वाक्य हवंय: 'काही सदस्यांनी पाण्याच्या विषयाचे राजकीयकरण केल्यामुळे सदर विषय तहकूब करण्यात आला.' माझा हात इथे अडलाय. काकू कुठल्याही पक्षात नाहीत. निवडणुकीला उभ्या राहणार नाहीत. त्यांना सकाळी कपडे धुवायचे आहेत.

तर प्रश्न दोन. राजकीयकरण, राजकीयीकरण की आणखी काही? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: कोणी एखाद्या गोष्टीचं 'राजकारण केलं' असं आपण म्हणतो तेव्हा त्याने नेमकं काय केलेलं असतं?

कट्टेकरी

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

वर्गणी किती ठरली ते लिहिलं नाहीत.

व्याकरणमामा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जे मुळात तसं नव्हतं ते तसं करणं, या अर्थी '-ईकरण' लागतं. शुद्धचं शुद्धीकरण, राष्ट्रीयचं राष्ट्रीयीकरण. म्हणून राजकीयीकरण. तोंडात बसत नाही हे मान्य, पण १९६९ साली १४ बँका सरकारने घेतल्या तेव्हापासून बँकेबाहेरच्या पाटीवर 'राष्ट्रीयीकृत' वाचतोच ना आपण? तेव्हा नाही कुणाची जीभ अडखळली.

आता गंमत बघा. या '-ईकरण'मध्येच एक दावा लपलेला आहे, की पाणी आधी राजकीय नव्हतं, काकूंनी ते केलं. आधी ए विंगला पाणी द्यायचं हे कुणीतरी ठरवलं असेल ना? ते ठरवणं काय होतं मग, हवामान?

तिरकस

मामा, शेवटच्या ओळीसाठी आमच्याकडून एक कटिंग.

परळचा_पोपट

मामांशी सहमत, पण एवढं सोपं नाही ते.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा जुना पूल आठवतो? मी त्या पुलावरून रोज जायचो. गिरण्या गेल्या, ऑफिसं आली, माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि जिना तेवढाच राहिला. लोक तक्रारी करत होते. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यावर अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. संध्याकाळपासून टीव्हीवर जो तो सांगायला लागला की ही राजकारण करायची वेळ नाही. मग वेळ कोणती होती? आधी तक्रार केली की 'प्रस्ताव विचाराधीन', नंतर केली की 'प्रेतांवर राजकारण'. मधे एक दिवस ठेवला होता काय?

नवीन पूल लष्कराने बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये चालू झाला. म्हणजे मनात आलं तर काही महिन्यांत होत होता. माझ्या मते ओरडा झाला म्हणून झाला. त्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्या पुलावरून चाललो आहे.

आणि त्याच वर्षी जुलैमध्ये स्टेशनचं नाव बदलून प्रभादेवी झालं. दोन्ही राजकारणंच. एकाने जिना रुंद झाला आणि एकाने पाटी बदलली.

कोळीवाड्याची_पोर

पोपटराव, पुलाबद्दल सगळं मान्य. नावाला नावं ठेवू नका. प्रभादेवीचं देऊळ तिथे आहे, वस्ती त्या नावाची आहे, आणि एल्फिन्स्टन हे एका गव्हर्नरचं आडनाव. नाव बदलणं तुम्हाला फुकाची पाटी वाटते कारण तुमच्या गावाचं नाव कुणी बदललं नव्हतं. आमच्या वस्तीला लोक हल्ली 'सी-फेसिंग लोकॅलिटी' म्हणतात.

परळचा_पोपट

बरं ताई, पाटी मागे घेतली. पण रांगेत पूल पुढे हवा होता, यावर ठाम.

सचिव_निवृत्त

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, नाहीतर हा धागा म्हणजे सचिवांची शोकसभा व्हायची.

मी बरीच वर्षं एका सोसायटीचा सचिव होतो. बिनपगारी. रात्री अकराला बेल वाजवून 'लिफ्टमध्ये कुत्र्याने केलंय' सांगणाऱ्यांचा. आमच्याकडे एका सभेत तिघे उठले, टाकी गळते म्हणून. पुढच्या सभेत तेच तिघे, प्लास्टर पडतं म्हणून. त्याच्या पुढच्या सभेत त्यातल्या एकाच्या पिशवीतून एका विकासकाचा रंगीत कागद निघाला. त्यांना समिती पाडायची होती आणि पुनर्विकास आपल्या माणसाकडे द्यायचा होता. २००९ च्या शासन निर्णयात पुनर्विकासाला ७५ टक्के सभासदांची संमती लागायची, २०१९ मध्ये ती ५१ वर आली. तेव्हापासून गळक्या नळाला केवढा भाव आलाय याची बाहेरच्यांना कल्पना नाही. टाकी निमित्त होती. याला मी राजकारण म्हणतो आणि त्यात माझं काही चुकतं असं मला वाटत नाही.

विरार_जलद_महिला

काका, एक विचारू का? टाकी गळत होती का?

सचिव_निवृत्त

गळत होती. पण मुद्दा तो नाही.

तिरकस

=))))

विरार_जलद_महिला

काका, रागावू नका, पण मुद्दा तोच आहे. त्या तिघांच्या मनात काय होतं हा एक प्रश्न आणि टाकी हा वेगळा. 'राजकारण' म्हटलं की पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा बंद करता येतो.

बाकी खरं राजकारण शिकायचं असेल तर आमच्या डब्यात या. सकाळच्या विरार गाडीत बोरिवलीची बाई चढली की दारातला घोळका जरासा घट्ट होतो. कुणी काही बोलत नाही. बोरिवलीला वेगळ्या गाड्या आहेत, ही आमची गाडी, असा कायदा आहे, लिहिलेला कुठेच नाही. आत सीट 'क्लेम' करायची पद्धत: कुठे उतरणार विचारायचं, ती अंधेरी म्हणाली की 'अंधेरी माझी'. मग ती माझी असते, मधे कुणी गरोदर बाई आली तरच सभा भरते. एकदा एका नवीन मुलीने विचारलं, हे नियम कोणी केले? सगळ्या एका सुरात: 'ए, पॉलिटिक्स नको करू सकाळी सकाळी.'

कट्टेकरी

बोरिवलीकर म्हणून तीव्र निषेध. दारातला घोळका 'जरासा' घट्ट होतो?!

जुनी_वही

शब्दाचा इतिहास थोडा वेगळाच आहे. राजकारण हा शब्द मराठीत जुना आहे आणि तो कायम शिवी नव्हता. दासबोधात समर्थ 'मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण' म्हणतात, म्हणजे चांगल्या माणसाने करायच्या कामांत त्याचा नंबर दुसरा. त्याच समासात पुढे आहे:

राजकारण बहुत करावें । परंतु कळोंच नेदावें । परपीडेवरी नसावें । अंतःकरण ॥

पुष्कळ करावं, पण कळू देऊ नये, आणि मनात दुसऱ्याला पीडा द्यायचा हेतू नसावा. पेशवाईच्या पत्रव्यवहारातही राजकारण म्हणजे बोलणी, संधान, कधी फितवा. निवडणूक, पक्ष वगैरे अर्थ त्याला इंग्रजी अमदानीत चिकटले. आजच्या 'राजकारण करू नका'मध्ये मला जुना आणि नवा दोन्ही अर्थ ऐकू येतात: 'पक्षबिक्ष आणू नका' आणि 'आतून काहीतरी शिजवताय तुम्ही'.

खवचट_आजोबा

म्हणजे धागाकर्त्याच्या सचिवांनी ओवीचं पूर्वार्ध पाठ केलंय, उत्तरार्धाला पंप बंद झाला.

शहापूरकर

पंपाच्या क्रमाची चर्चा वाचून हसू आलं, राग मानू नका. मी शहापूर तालुक्यातला.

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. विहार आणि तुळशी तुमच्या हद्दीत. बाकी तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आमच्याकडच्या डोंगरात. एकट्या भातसाचाच वाटा जवळजवळ निम्मा. तानसा १८९२ चं, म्हणजे माझ्या पणज्याच्या वेळेपासून तुमच्याकडे पाणी चाललंय. एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर सुरू होतो. बाया जलवाहिनीच्या कडेने हंडे घेऊन चालतात आणि वाहिनीच्या सांध्यातून जिथे थेंब गळतो तिथे कळशी लावून बसतात. तीच वाहिनी, जी धागाकर्त्याच्या खालच्या टाकीत संपते. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे शाळेत शिकवावी लागत नाही.

यावर तालुक्यातलं कुणी मोर्चा घेऊन आलं की मुंबईतून काय ऐकू येतं? पाण्याचं राजकारण करू नका. तुमच्या काकूंना ए विंगमधून जे ऐकू आलं तेच. फक्त आमच्यासाठी तुमची डी विंगसुद्धा ए विंग आहे.

गच्चीवरची_टाकी

शहापूरकर, हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही टंकता आलं नाही. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

पाणीवाला_मास्तर

शहापूरकरांना पूर्ण अनुमोदन. आणि मुंबईच्या आतही बघा. झोपडी कुठल्या तारखेआधीची त्यावर नळ मिळायचा. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर आलेल्यांची तहान बेकायदेशीर. पाणी हक्क समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी जगण्याच्या हक्कात येतं, झोपडी अनधिकृत असली तरी ते सरसकट नाकारता येणार नाही. ती तारीख ठरवणाऱ्यांना कुणी राजकारण करता म्हटलं नाही, 'धोरण' म्हटलं. समिती नळ मागायला गेली तेव्हा मात्र तिला हा शब्द ऐकावा लागला.

अजून मागे जा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं तेच, पाणी तेच. त्या दिवशी पाण्याचं राजकारण झालं की त्याआधी शेकडो वर्षं चाललं होतं?

व्याकरणमामा

सी. के. नव्हे, एस. के. सीताराम केशव बोले. बाकी प्रतिसाद उत्तम.

पाणीवाला_मास्तर

बरोबर, एस. के. घाईत टंकलं.

चहा_कमी_साखर

मला सगळेच एका बाजूला झुकताय असं वाटतंय. 'सगळंच राजकारण असतं' म्हटलं की शब्द निकामी होतो. मग होर्डिंगवर स्वतःचा फोटो टाकून वॉर्डातल्या प्रत्येक बाळाच्या बारशाला शुभेच्छा देणारा आणि चवदार तळ्यावर जाणारा, दोघे एकाच शब्दात बसवायचे? दहीहंडी बघा. पूर्वी आमच्या दादरच्या गल्लीत चाळीची हंडी असायची. आता मंचावर कोण, लाखांचं बक्षीस कुणाच्या नावाने, टी-शर्टवर कुणाचं तोंड. वर चढलेलं पोर पडलं तर मंचावरचा दवाखान्यात फोटो काढून घेतो. याला नाव ठेवायला मला एक शब्द लागतो. तो तुम्ही काढून घेऊ नका.

खवचट_आजोबा

सार्वजनिक उत्सवात राजकारण नको म्हणणाऱ्यांनी केशवजी नाईकांच्या चाळीत जाऊन यावं. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथला, १८९३ चा. टिळकांनी उत्सव चौकात आणला तो मोदक कमी पडत होते म्हणून नव्हे.

चहा_कमी_साखर

आजोबा, टिळकांच्या उत्सवात व्याख्यानं असायची. आमच्याकडे डीजे आहे आणि भावी नगरसेवक आहेत. 'भावी' हे पद आमच्या वॉर्डात इतकी वर्षं आहे की त्याला पेन्शन लागू करावी.

गिरणीची_लेक

या गप्पांत एक नाव राहतंय. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची एक सुट्टी मागितली. मालकांना ती चिथावणी वाटली. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज त्याच रविवारी सोसायटीच्या सभा भरतात आणि तिथे सांगतात की राजकारण नको.

माझे वडील ८२ च्या संपात होते. संपाबद्दल माझी मतं त्यांच्यासारखी नाहीत, तो वेगळा धागा होईल. पण एक आठवतं. घरात पैसे नव्हते तेव्हा नातेवाईक येऊन म्हणायचे, 'तुम्ही कशाला राजकारणात पडलात?' वडील म्हणायचे, 'मी पगारवाढीत पडलोय.'

विरार_जलद_महिला

'पडलात' हे क्रियापद बघा ना! मराठी माणूस प्रेमात पडतो, भानगडीत पडतो आणि राजकारणात पडतो. धंद्यात मात्र 'उतरतो'. (तिथेही पडतोच, पण नंतर.)

तिरकस

'८० टक्के समाजकारण, २० टक्के राजकारण' ही घोषणा या शहरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकली आहे. राजकीय पक्षालासुद्धा राजकारण वीस टक्क्यांवर सांगावं लागलं, यावरून शब्दाची पत कळते.

जुनी_वही

चहा_कमी_साखर यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यांना हवे असलेले शब्द मराठीत आधीच आहेत, आपण वापरत नाही. दुर्घटनेचं, दुःखाचं 'भांडवल करणे'. त्यावर 'आपली पोळी भाजून घेणे'. हा झाला होर्डिंगवाला. आणि दडपलेला प्रश्न 'ऐरणीवर आणणे', 'चव्हाट्यावर मांडणे', हे झालं काकूंचं आणि शहापूरकरांचं. दोन वेगळी कामं, दोन वेगळी क्रियापदं. 'राजकारण करणे' ही दोन्हींवर टाकलेली एकच चादर आहे, आणि ती टाकणाऱ्याला कुठलं काम झालंय ते सांगावं लागत नाही. 'पोळी भाजतात' म्हटलं तर लोक लगेच विचारतील, कुठली पोळी? दाखवा. 'राजकारण करतात'ला पुरावा कुणी मागत नाही.

सचिव_निवृत्त

हे पटलं. आमच्या त्या तिघांबद्दल मी 'पोळी भाजून घेत होते' म्हणेन, आणि पिशवीतला कागद दाखवेन. टाकीची दुरुस्ती आम्ही नंतर केली, हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर विरारच्या ताई सोडायच्या नाहीत.

धागाकर्ते, सचिव म्हणून सांगतो. इतिवृत्तात हेतू लिहीत नाहीत. कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, एवढंच लिहितात. आणि 'तहकूब' कसं लिहिणार? ठराव नाही, मतदान नाही. मसुदा सभासदांकडे जातो तेव्हा कुणी हरकत घेतली तर हे वाक्य तुमच्याच अंगावर येईल. असं लिहा: 'डी विंगमधील सदस्या यांनी पंप लावण्याचा क्रम आठवड्याआड बदलण्याची सूचना केली. सूचनेवर निर्णय झाला नाही.' बास. शिवाय काकूंना एक साधं पत्र द्यायला सांगा, आवक नोंदवहीत नोंद करून पोच घ्या. कागद आला की विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्या म्हणून पाठपुरावा करता येतो.

व्याकरणमामा

आणि राजकीयीकरण?

सचिव_निवृत्त

ते तुम्ही ठेवा.

कोळीवाड्याची_पोर

पंपाला टायमर बसत नाही का? आमच्याकडे बसवलाय. दर विंगेला ठरलेली मिनिटं, मग व्हॉल्व्ह आपोआप. वॉचमनला दम देता येत नाही त्यामुळे कुणालाच.

पाणीवाला_मास्तर

बसतो. पण मिनिटं किती ते कोण ठरवणार? :)

गच्चीवरची_टाकी

सगळ्यांचे आभार. निवृत्त काकांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे, टायमरचा खर्च विचारतोय. राजकीयीकरण वगळलं, मामा, माफी.

काल काकूंचं पत्र नेऊन दिलं. पत्र चार ओळींचं, त्यांच्याच अक्षरात, वर सोसायटीच्या बिलावरचा सदस्य क्रमांक. सचिवांनी ते दोनदा वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली आणि पोच देताना मला विचारलं, "खरं सांगा, यांच्या मागे कोण आहे?"

शहापूरकर

मी आहे म्हणून सांगा.